दार्ष्टांतिक ज्याचे त्याने लिहावे

इसार दिला म्हणजे बगीचा विकला गेला का?

2023 च्या नोव्हेंबरात हा प्रश्न मी माझ्या ऑनलाइन वर्गापुढे टाकला आणि आठवडाभर जवळजवळ तोंड मिटून बसलो. प्रसंग एवढाच होता. मोर्शी तालुक्यातल्या एका गावात 400 झाडांचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहार चांगला धरलेला. भाद्रपदात व्यापारी आला, ओळीओळीतून फिरला, चारदोन फळे हातात तोलून पाहिली आणि 4 लाखांत सौदा ठरला. 50 हजार इसार, रोख. कागद केला नाही, गावातल्या दोघांसमोर बोलणे झाले. तोड दिवाळीनंतर. मग बांगलादेशने आयातशुल्क वाढवल्याची बातमी आली, भाव उतरला आणि व्यापाऱ्याचा फोन लागेनासा झाला. फळ झाडावर, गळ सुरू झालेली. दुसरा व्यापारी 2 लाख 20 हजार म्हणतो, तेही आज हो म्हटले तर. शेतकऱ्याने आज रात्री काय ठरवावे?

तुमच्या हातातल्या या संग्रहातला पहिला प्रसंग तो हाच. पुढचे सगळे प्रसंग त्याच्यामागून आले. म्हणून प्रस्तावना त्याच्यापासूनच सुरू केलेली बरी.

आधी शब्दाचे बोलू. इंग्रजीत याला ‘केस’ म्हणतात आणि व्यवस्थापनाच्या वर्गात मराठी मुलेही तेच म्हणतात. पण आमच्याकडे केस म्हणजे कोर्टाची. ‘केसवर चर्चा करू’ म्हटल्याबरोबर एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, ‘सर, कोनावर टाकली?’ तेव्हापासून मी ‘प्रसंग’ म्हणतो. ‘प्रकरण’ म्हटले तर पुस्तकातला धडा वाटतो किंवा भानगड वाटते. प्रसंग माणसावर येतो आणि त्यातून त्याला वाट काढावी लागते. मला हवा होता तो अर्थ त्यात आपसूक आहे.

त्या विद्यार्थ्याचे तसे चुकलेले नव्हते. ही पद्धत खरोखरच कोर्टातून आली आहे. 1870 साली हार्वर्डच्या कायदा शाळेचे प्रमुख झालेल्या क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनी व्याख्यान देऊन नियम सांगण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष निवाडे दिले आणि नियम तुम्हीच शोधून काढा म्हणाले. 1871 साली त्यांनी करारविषयक निवाड्यांचा संग्रह छापला. तिथून ही रीत 1908 साली निघालेल्या हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने उचलली. 1961 साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने आणि हार्वर्डच्या सहकार्याने. तेव्हा तिच्याबरोबर ही पद्धतही आपल्याकडे रुजली. अर्धवर्तुळात चढत जाणाऱ्या बाकांचा वर्ग, प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसेल अशी बैठक, आणि मास्तरने अचानक कुणाकडेही बोट दाखवून ‘तुम्ही सुरू करा’ म्हणायचे. या पद्धतीची अर्धी ताकद त्या बैठकीत होती, असे मला वाटते.

ती बैठक ऑनलाइन गेल्यावर काय होते? हार्वर्डने 2015 साली याचे उत्तर पैशाने काढले. बोस्टनमधल्या एका स्टुडिओत भिंतभर पडदे लावले, त्यावर साठ विद्यार्थ्यांचे चेहरे, आणि मधे उभा प्राध्यापक. आमच्याकडे 2020 च्या मार्चनंतर जे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन. कॅमेरा बंद, आवाज बंद, पडद्यावर नावाच्या पाट्या. मी तासभर बोलायचो. शेवटी ‘काही शंका?’ म्हणून विचारायचो आणि पलीकडून एखाद्या कोंबड्याचे आरवणे ऐकू यायचे. ज्याचा माइक चुकून चालू राहिला तो तेवढा हजर, असे आम्ही शिक्षक आपसांत म्हणायचो.

त्या काळात मी एक मोठी चूक केली. ती इथे सांगणे भाग आहे, कारण हा संग्रह त्या चुकीतून निघाला. चर्चा व्हावी म्हणून मी इंग्रजी पुस्तकातला एक नावाजलेला प्रसंग भाषांतर करून दिला. परदेशातली मोठी कॉफीविक्री कंपनी, तिचा घसरलेला नफा, नवा मुख्य अधिकारी. 42 विद्यार्थ्यांपैकी 31 जणांनी उत्तर पाठवले. मला आनंद झाला. वाचायला बसलो आणि सातव्या-आठव्या उत्तराला लक्षात आले की सगळ्यांचा मजकूर एकच आहे. कंपनीने ग्राहकांचा विश्वास संपादन करावा, गुणवत्तेकडे लक्ष द्यावे, नवीन तंत्रज्ञानाचा अवलंब करावा. एकाच ठिकाणाहून उचललेले. मुलांना रागावलो. नंतर विचार केला तेव्हा राग माझ्यावरच आला. ज्याने आयुष्यात बसस्टँडवरच्या चहापलीकडे काही विकत घेऊन प्यायलेले नाही, त्याला मी सातासमुद्रापलीकडच्या कॉफीच्या धंद्यात काय करशील म्हणून विचारत होतो. त्याने काय सांगावे?

आणि इथे मला रिद्धपूर आठवले.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच आहे. गोविंदप्रभूंचे गाव. महानुभावांची काशी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते इथे, आणि 2024 पासून मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले तेही इथेच. आम्ही लहानपणी यात्रेला जायचो. तिथे शिकवण्याची काही पद्धत होऊन गेली असेल हे कधी मनात आले नव्हते. पंथप्रवर्तक चक्रधरांच्या दृष्टांतांचा केसोबासांनी केलेला ‘दृष्टांतपाठ’ कॉलेजात असताना मीही परीक्षेपुरता वाचला होता. 114 दृष्टांत. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. लॉकडाउनमध्ये पुन्हा हाती घेतला तेव्हा गोष्टींपेक्षा रचनेकडे लक्ष गेले. प्रत्येक दृष्टांताचे तीन भाग आहेत. आधी सूत्र, म्हणजे तत्त्वाचे छोटे वाक्य. मग दृष्टांत, म्हणजे रोजच्या जगातली गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट मूळ तत्त्वाला कशी लागू पडते त्याचा उलगडा. यातले सूत्र चक्रधरांचे, दृष्टांत चक्रधरांचा. दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचे. शिष्यपरंपरेतल्या एकाचे.

मी पुस्तक बाजूला ठेवले. मी आजवर काय करत आलो? सूत्र मीच सांगायचो, उदाहरण मीच द्यायचो आणि त्याचा अर्थही मीच लावून मोकळा व्हायचो. मुलांना उरायचे काय, तर उतरवून घेणे.

महानुभावांच्या अभ्यासकांनी मला माफ करावे. केसोबास अध्यात्म सांगत होते आणि मी संत्र्याचा भाव सांगतो आहे, हे मला कळते. परंतु शिकण्याची बैठक म्हणून या तिसऱ्या भागाला तोड नाही. म्हाइंभटांचीही एक गोष्ट इथे कामाची आहे. त्यांनी लीळा गोळा केल्या त्या ज्याने पाहिल्या त्याला जाऊन विचारून. आणि महानुभावांच्या परंपरेने एकच आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही टिपून ठेवल्या, त्या पाठभेदांना ‘वासना’ असे नाव दिले. प्रसंगावर चर्चा म्हणजे वेगळे काय असते? आपल्याकडे वादाची शिस्त त्याहूनही जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी ते सांगितले आहे आणि तिचे दोन प्रकार केले आहेत. समजून घेण्यासाठी केलेली ती संधायसंभाषा, हरवण्यासाठी केलेली ती विगृह्यसंभाषा. ऑनलाइन वर्गाला पहिली हवी. दुसरीसाठी मोबाइलवर जागा कमी नाही.

आता ऑनलाइनकडे वळतो. महाराष्ट्राला दुरून शिकण्याची सवय नवी नाही. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. आमच्या भागातल्या कितीतरी अंगणवाडीसेविका, पोलिस शिपाई, दुकानात काम करणारी मुले त्यातून पदवीधर झाली. पुस्तके घरी यायची आणि बोलणे व्हायचे ते अभ्यासकेंद्रावर, सुट्टीच्या दिवशी. पुढे 2017 साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. त्यातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा. पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी 20 टक्क्यांपर्यंत तिथून मिळवण्याची मुभा आधी होती, 2021 पासून ती 40 टक्के झाली. पहिले तीन भाग मुले करतात, कारण त्यांना गुण आहेत किंवा मुदत आहे. चौथ्या भागात, मी पाहिले तेवढ्या अभ्यासक्रमांत तरी, ‘प्रमाणपत्र कधी मिळेल?’ एवढीच चर्चा सापडते.

दोष मुलांचा नाही. ‘या विषयावर आपले मत मांडा’ असे कुणी म्हटले तर माणूस काय मांडतो? मत मांडायला आधी पेच लागतो. प्रसंगात तो असतो, पण तीन गोष्टी असल्या तरच. निर्णय घेणारा एक माणूस हवा. त्याच्यापुढे घड्याळ हवे. आणि दोन्ही बाजूंना काहीतरी खरे हवे. संत्र्याच्या प्रसंगात ‘आज रात्री’ हे दोन शब्द काढले तर त्याचा निबंध होतो.

त्या आठवड्याचे आता जरा सविस्तर सांगतो.

विद्यार्थ्यांचे मी सातसातचे सहा गट केले होते. नियम दोनच. स्वतःचा निर्णय लिहिल्याशिवाय इतरांचे वाचायचे नाही. आणि ‘मलाही असेच वाटते’ हे उत्तर धरले जाणार नाही. टंकायला जमत नसेल त्याने आवाज पाठवावा, वऱ्हाडीत बोलावे, हरकत नाही. एका वेळी सगळ्यांनी हजर असण्याची अट नव्हती. गुरुवारी प्रसंग, पुढच्या बुधवारपर्यंत कधीही.

पहिल्या दोन दिवसांत अपेक्षेप्रमाणे कायदा आला. एकाने नीट शोधून लिहिले की 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो आणि 1930 च्या मालविक्री कायद्यात, तोडून देण्याच्या बोलीवर विकलेले झाडावरचे पीकही मालच धरले जाते. तेव्हा व्यापाऱ्यावर दावा लावावा. उत्तम उत्तर. वर्गात असतो तर मी शाबासकी दिली असती आणि चर्चा तिथेच संपली असती. शुक्रवारी रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी एका मुलीचे उत्तर आले. प्रत्यक्ष वर्गात दोन वर्षांत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. तिने लिहिले होते, ‘दावा लावू. पण फळ कोर्टाची तारीख पाहून गळते का? आमी इसार घेतला म्हणून तीन व्यापारी वापस पाठोले. थो तोटा कोन मोजन?’

मग गाडी रुळावर आली. एका मुलाचे वडील स्वतः बगीचे घेणारे. त्याने दुसरी बाजू मांडली. ट्रकवाल्याला आगाऊ दिलेले, मजुरांच्या टोळीला उचल दिलेली. 2019 साली किलोमागे 20 रुपये असलेले बांगलादेशचे शुल्क 2023 मध्ये 88 वर गेले, ते काही व्यापाऱ्याने वाढवले नाही. फोन बंद करणे चूक, पण 50 हजार त्याचेही गेलेच ना? कुणीतरी सुचवले की 4 लाखांचे 3 करावेत आणि मध्यस्थांसमोर बसावे. कुणी म्हणाले, अर्धा बगीचा दुसऱ्याला द्यावा, मोठे फळ तोडून घ्यावे. आणि पुण्यात गोदामात रात्रपाळी करून शिकणाऱ्या एका मुलाने, पहाटे पाचला, एकच ओळ लिहिली: ‘दुसरा व्यापारी पहिल्याचाच माणूस नाही कशावरून?’

हा प्रसंग मी स्वतः लिहिला होता. ही शक्यता माझ्या डोक्यात आली नव्हती.

प्रत्यक्ष वर्गात ही ओळ आली असती का? मला शंका आहे. पन्नास मिनिटांत जो आधी बोलतो त्याचा वर्ग असतो. बहुधा तो शहरातला, बहुधा मुलगा. लिहून करायच्या सावकाश चर्चेत सगळ्यांना रात्र मिळते. घरी वडिलांना विचारता येते, शेजारच्या काकांना विचारता येते. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त अभ्यास करत होते, असे मला नंतर कळले. समोरासमोरची मजा यात नाही, हे कबूल. हशा नाही, आवाज चढणे नाही. पण ऑनलाइन म्हणजे वर्गाची दुबळी नक्कल, असे मी म्हणत असे ते आता म्हणत नाही.

अडचणी आहेत आणि मी त्या लपवणार नाही. कॅनडात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी 2000 सालच्या सुमारास अशा लेखी चर्चांचा बारकाईने अभ्यास केला. चर्चा पेटते, माहितीची देवघेव होते, पण सगळे जोडून निष्कर्षाला नेणारे लेखन फार थोडे सापडते, असे त्यांना दिसले. माझा अनुभवही तोच. सोमवारपर्यंत धमाल, मंगळवारी शुकशुकाट. अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगून मोकळे व्हावेसे वाटते. ते करू नये. मी आठवड्यात दोनदाच तोंड उघडतो. एकदा मधे, तेही नवी माहिती टाकायला: ‘रविवारी पाऊस झाला, गळ वाढली. आता?’ आणि एकदा शेवटी, कोण कुठून निघून कुठे पोचले ते सांगायला. अमुकाने शुक्रवारचे मत रविवारी बदलले आणि का बदलले ते लिहिले, याला मी गुण देतो. मत कोणते, याला देत नाही.

तयार उत्तरांचे संकट आता आणखी वाढले आहे. यंत्राला प्रसंग घातला की ते घटकाभरात नीटनेटके उत्तर देते, कॉफीच्या कंपनीसारखेच गुळगुळीत. त्याला बंदी घालून उपयोग नाही. मी एवढेच करतो, शेवटचा प्रश्न असा ठेवतो: तुमच्या घरात, गावात असे झाले होते का? तेव्हा कुणी काय केले? हे लिहायला घरीच विचारावे लागते. कुणी तेही रचून लिहील. लिहू दे. रचायला निदान आपल्या गावाकडे पाहावे तर लागेल.

हेच ते दार्ष्टांतिक. संग्रहातल्या प्रत्येक प्रसंगाखाली मी तेवढी जागा सोडली आहे आणि स्वतः काही लिहिलेले नाही. ‘शिक्षकांसाठी उत्तरे’ असे परिशिष्ट जोडा, असा आग्रह एका हितचिंतकाने धरला होता. मी ऐकले नाही.

प्रसंग कसे मिळवले, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक आमच्याच टापूतले आहेत. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या उपशासाठी बदनाम आहे, तेव्हा बोअरचा प्रसंग टाळणे शक्य नव्हते. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा जास्त खोलीची विहीर ‘खोल विहीर’ ठरते. आमच्याकडे बोअरचे बोलणे 800 फुटांपासून सुरू होते. शेजाऱ्याचा बोअर लागला आणि आपला आटला, आणि शेजारी सख्खा भाऊ आहे. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण भरलेले दिसते आणि बगीचा वाळतो, हा दुसरा. बचतगटातल्या बाईने कर्ज घेतले ते नवऱ्याच्या नावावर वळले, हा तिसरा. ज्यांच्यावर हे प्रसंग आले त्यांना मी ते वाचून दाखवले. नाव, गाव, झाडांची संख्या, रक्कम बदलली. एका गृहस्थांनी वाचल्यावर म्हटले, ‘सगळं बराबर हाय, पण मी एवढा शहाना नव्हतो,’ आणि मी त्यांच्या तोंडी घातलेली दोन समंजस वाक्ये काढून टाकायला लावली. प्रसंग लिहिताना माणसांना शहाणे करण्याचा मोह होतो. त्याने प्रसंग मरतो.

हा संग्रह वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजकार्य, कृषिव्यवसाय शिकवणाऱ्यांना वापरता येईल. कोकणातल्या किंवा सोलापूरकडच्या शिक्षकाने संत्री काढून आंबा, डाळिंब घातले तरी चालेल, पण फक्त फळाचे नाव बदलू नये. तिकडचा सौदा कसा होतो, इसाराला तिथे काय म्हणतात, तोड कोण करतो, हे विचारून मग बदलावे. खरे तर त्यांनी स्वतःचेच लिहावेत.

शेवटी अकराव्या प्रसंगाविषयी. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी उत्तर लिहिणाऱ्या त्या मुलीने चर्चा संपल्यावर पंधरा दिवसांनी मला एक लांब मजकूर पाठवला. बगीच्याचा सौदा मोडला आहे, व्यापारी इसार परत मागायला दारात आला आहे, आणि इसाराच्या पैशातून घरातल्या मुलीची कॉलेजची फी भरून झाली आहे. वडिलांनी काय करावे, असा प्रश्न खाली लिहिला होता. हे तुझ्याच घरचे का, असे मी विचारले नाही. छापू का, एवढेच विचारले. गावाचे नाव तिने आधीच बदललेले होते. त्यात फक्त विरामचिन्हे माझी आहेत.